महिन्यातला दुसरा मंगळवार

संकष्टी कधी, एकादशी कधी, हे घरातल्या कालनिर्णयात बघून कळतं. दर महिन्याला न चुकता येणारा एक दिवस मात्र त्यात छापलेला नसतो. तो म्हणजे महिन्यातला दुसरा मंगळवार. त्या रात्री आपल्या घड्याळात साडेदहा वाजले (अमेरिकेत हिवाळी वेळ सुरू असेल तेव्हा साडेअकरा), की मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोजच्या त्या महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या जगभरासाठी खुल्या करते. एक-दोन दिवसांनी आपण संगणक बंद करायला जातो, तर ‘शट डाउन’च्या शेजारी ‘अपडेट अँड शट डाउन’ अशी नवी ओळ येऊन बसलेली असते.

त्या ओळीकडे बघण्याच्या आपल्या मंडळींच्या दोन तऱ्हा आहेत. काहीजण विचार न करता दाबून मोकळे होतात. काहीजण मात्र दचकतात. ‘मागच्या खेपेला अपडेट केलं आणि प्रिंटरच बंद पडला’ असा कुणाचा तरी अनुभव त्यांनी ऐकलेला असतो. कधी दुकानातल्या मुलाने ‘काका, अपडेट बंदच करून देतो, डोक्याला ताप नको’ असं म्हणत तो विषय कायमचा मिटवलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेची माणसं माझ्या पिढीत जास्त आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अपडेटमुळे लोकांचे फोटो आणि कागदपत्रं गेली आहेत, ते पुढे सांगतोच. पण अपडेट न घेतल्यामुळे काय काय गेलं, तो हिशेब आधी मांडू.

आपण हैदराबादकरांना तर हा विषय परका वाटायला नको. मायक्रोसॉफ्टचं भारतातलं विकास केंद्र १९९८ पासून आपल्याच शहरात आहे, आणि कंपनीचे प्रमुख सत्या नडेला हे बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय

विंडोज म्हणजे कोट्यवधी ओळींचा मजकूर आहे असं समजा. इतक्या मजकुराचं मुद्रितशोधन कितीही वेळा केलं तरी चुका राहतातच. मंडळाचा दिवाळी अंक काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. पण काही अशा असतात की त्या फटीतून परका माणूस आपल्या नकळत संगणकात शिरू शकतो. अशी फट सापडली की कंपनी ती बुजवते. ते बुजवणं म्हणजे सुरक्षा-अपडेट.

यात एक गोम आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. फट बुजवण्याचं साहित्य जगजाहीर झालं की फट नेमकी कुठे होती हेही जगजाहीर होतं. चोर जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवतात, काय बदललं ते पाहतात आणि हत्यार तयार करतात. ज्यांनी दुरुस्ती घेतली त्यांच्यावर ते चालत नाही. ज्यांनी घेतली नाही, त्यांचा धोका दुरुस्ती येण्याच्या आदल्या दिवसापेक्षा वाढलेला असतो. म्हणजे ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार’ हा आपला आवडता युक्तिवाद इथे उलटा पडतो.

पूर्वी या दुरुस्त्या केव्हाही येत. ऑक्टोबर २००३ पासून मंगळवार ठरला, तो मोठ्या कार्यालयांना तयारीत राहता यावं म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या किड्याने जगभरचे संगणक बंद पाडले होते. त्याला रोखणारी दुरुस्ती जुलैच्या मध्यालाच आलेली होती. जेमतेम चार आठवडे झाले होते, पण असंख्य लोकांनी ती घेतलेली नव्हती.

एकोणसाठ दिवस

याच गोष्टीची मोठी आवृत्ती २०१७ साली घडली. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला विंडोजमधली एक फट ठाऊक होती. एका संगणकातल्या फाइली दुसऱ्याला दिसाव्यात यासाठी विंडोजमध्ये जी जुनी सोय आहे, तिच्यात ही फट होती. संस्थेने ती कंपनीला कळवायच्या ऐवजी स्वतःच्या हेरगिरीसाठी जपून ठेवली, आणि मग ते हत्यार तिच्याकडून चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, दुरुस्ती दिली. ठीक महिन्याने, १४ एप्रिलला, चोरांनी ते हत्यार इंटरनेटवर उघड्यावर टाकलं. आणि १२ मे रोजी, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ सुटला.

दुरुस्ती आणि हल्ला यांच्यात एकोणसाठ दिवस होते.

वॉनाक्राय संगणकातल्या सगळ्या फाइलींना कुलूप लावायचा आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दाखवायचा. तीनशे डॉलर द्या, तेही बिटकॉइनमध्ये. तीन दिवसांत दिले नाहीत तर सहाशे. त्याला पसरायला कुणी काही दाबण्याची गरज नव्हती. जाळ्यातला एक संगणक सापडला की तो शेजारचे उघडे संगणक स्वतःच शोधत जायचा. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले.

सर्वांत वाईट अवस्था इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची झाली. तिथल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-संस्थांचं काम विस्कळीत झालं. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या असाव्यात, असा तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. त्याच लेखापरीक्षकांनी पुढे लिहिलं, की बाधित झालेल्या सगळ्या संस्थांची उणीव एकच होती आणि तुलनेने साध्या उपायांनी त्यांना स्वतःला वाचवता आलं असतं. आपल्या शेजारी आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही याची झळ बसली होती.

हल्ला थांबला तोही एका चमत्कारिक पद्धतीने. मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला त्या किड्याच्या पोटात एक अर्थहीन, लांबलचक पत्ता दिसला. किडा आधी तो पत्ता इंटरनेटवर आहे का हे बघत होता आणि नसेल तरच पुढे जात होता. हचिन्सने सुमारे दहा डॉलर भरून तो पत्ता स्वतःच्या नावावर नोंदवला. किडा तिथेच थबकला.

मायक्रोसॉफ्टने त्यानंतर विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. एक्सपीची सेवा तर एप्रिल २०१४ मध्येच संपलेली होती, त्यामुळे हा अपवाद होता, आणि तो घर जळू लागल्यावर केलेला.

न्हावाशेवा ते घाना

इतकं होऊनही दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, तीच फट पुन्हा वापरली गेली. या वेळच्या किड्याला ‘नॉटपेट्या’ म्हणतात. तो युक्रेनमध्ये सुरू झाला आणि तिथे वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला. होय, अपडेटमधून! हल्लेखोरांनी त्या छोट्या कंपनीचा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. अपडेटला घाबरणाऱ्या माणसाच्या हातात हा पुरावा मी स्वतःहून देतो आहे. पण तो आत शिरल्यावर ज्या वाटांनी फोफावला, त्यांतली एक म्हणजे मार्चमध्ये बुजवता आली असती अशी तीच फट.

मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात अक्षरशः आंधळी झाली. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचंही कामकाज कोलमडलं. कंपनीला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा तिचा स्वतःचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

यातला घानाचा किस्सा आपल्याकडच्या माणसाला फार पटेल. कोणता कर्मचारी कोण, कुणाला कुठे प्रवेश आहे, ही कंपनीची मूळ वही जगभरच्या सुमारे दीडशे सर्व्हरांवर ठेवलेली होती. सगळे एकमेकांशी जोडलेले. एक गेला तर दुसरा आहे, अशी योजना. किड्याने सगळे एकदमच पुसले. फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयातला एक वाचला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडलेला होता. तिथून इंटरनेटवरून प्रत पाठवायला फार वेळ लागला असता आणि घानातल्या कुणाकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. म्हणून एक कर्मचारी ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथून दुसऱ्याने ती पुढे इंग्लंडला नेली. लोडशेडिंगला इतकं पुण्य क्वचितच लाभलं असेल!

आपल्यापैकी कितीतरी जण फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवतात, पण ती डिस्क बारा महिने संगणकाला जोडलेलीच असते. किड्याला संगणक दिसतो तशी तीही दिसते. प्रत काढावी, वायर काढावी आणि डिस्क कपाटात ठेवावी.

आता दुसरी बाजू

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट खुलं केलं. चारच दिवसांत, ६ तारखेला, ते थांबवावं लागलं. काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ या कप्प्यांतल्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. कारण मासलेवाईक आहे. आपल्याकडे पुष्कळजण सी ड्राइव्हमधला ‘डॉक्युमेंट्स’ कप्पा डी ड्राइव्हवर हलवतात. कप्पा हलला तरी काही फाइली जुन्या जागी राहून जातात. अपडेटला वाटलं, जुना कप्पा आता रिकामा आणि फालतू आहे. त्याने तो आतल्या ऐवजासकट पुसून टाकला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशा तक्रारी दहा हजारांत एकाच्या होत्या. ज्याची नातवाच्या बारशाची छायाचित्रं गेली त्याला त्या प्रमाणाशी काय करायचं?

अधिक खटकणारी गोष्ट अशी, की चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती. पण तिला ‘मलाही हेच झालं’ म्हणणारे थोडे होते, म्हणून ती हजारो तक्रारींच्या ढिगाखाली दबली. त्यानंतर कंपनीने तक्रार नोंदवताना ‘किती गंभीर’ हे सांगण्याची सोय केली. ते अपडेट दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला पुन्हा आलं.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ एकाच शब्दामुळे होतो. ‘अपडेट’ या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. दुसऱ्या मंगळवारी येते ती सुरक्षा-दुरुस्ती: आकाराने बेताची आणि तातडीची. वर्षातून एकदा येते ती नवी आवृत्ती, म्हणजे घराची डागडुजी नसून नूतनीकरणच. तिचं नाव ‘२४ एच २’, ‘२५ एच २’ असं असतं. २०१८ मध्ये फाइली पुसल्या त्या नव्या आवृत्तीने. तिच्यासाठी दोन-तीन महिने थांबलं तरी चालतं, जुन्या आवृत्तीची मुदत शिल्लक असली म्हणजे झालं. मासिक दुरुस्तीला असं थांबवू नये.

अर्थात मासिक दुरुस्त्याही सोवळ्यातल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये छपाईच्या यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर फट निघाली. मंगळवारची वाट न बघता घाईने दुरुस्ती दिली गेली, आणि तिच्यामुळे दुकानांतले लेबल आणि पावत्या छापणारे काही प्रिंटर मुके झाले. ते लवकरच पूर्ववत करण्यात आले. पण ऑगस्टच्या दुरुस्तीनंतर अनेक कार्यालयांत नवा प्रिंटर जोडताना मुख्य खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ लागला. तो बिघाड नव्हता, मुद्दाम लावलेलं कुलूप होतं. आपल्या कानावर मात्र ‘अपडेटने प्रिंटर बिघडवला’ एवढंच आलं.

जानेवारी २०२४ ची दुरुस्ती तर अनेकांच्या घरी महिनोन् महिने रेंगाळली. तिचा क्रमांक केबी ५०३४४४१. पडद्यावर पुन्हा पुन्हा ‘शून्य-एक्स-८००७०६४३’ अशी चूक दिसायची आणि अपडेट अर्ध्यावर सोडून जायचं. खरं कारण इतकंच होतं, की विंडोजने संकटकाळासाठी राखून ठेवलेल्या लपलेल्या कप्प्यात आणखी २५० एमबी जागा लागत होती आणि ती नव्हती. चुकीचा संदेश जागा कमी असल्याचा यायला हवा होता, आला भलताच. शेवटी कंपनीने कळवलं, की हे आपोआप सुटणार नाही, कप्पा ज्याने त्याने स्वतः वाढवून घ्यावा. सर्वसामान्य घरात हे कोण करणार? ज्यांना ते जमलं नाही त्यांचं रोजचं काम अडलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण या चुकीला कंटाळून ज्यांनी अपडेटच बंद करून टाकलं, त्यांनी पुढच्या सगळ्या दुरुस्त्याही गमावल्या.

आणि जुलै २०२४. ९ तारखेच्या दुरुस्तीनंतर काही संगणक सुरू होताना निळा पडदा दाखवून ‘बिटलॉकर’ची किल्ली मागू लागले. दहाच दिवसांनी, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभर गेली. ती मायक्रोसॉफ्टची नव्हती, विंडोजचं अपडेटही नव्हती, पण तिच्यामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्या शमशाबाद विमानतळावर त्या दिवशी काय झालं ते आठवत असेल. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या प्रवाशाच्या हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो सगळीकडे फिरला. ती सदोष फाईल आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांची चूक, पण बंद पडलेले संगणक एकेक करून, हाताने, उठवावे लागले. तिथेही पुष्कळ ठिकाणी बिटलॉकरची किल्ली लागलीच.

ती अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

यावर जरा थांबतो, कारण घरगुती नुकसान होण्याची खरी जागा ही आहे. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या माहितीला कुलूप. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं वाचता येऊ नये, ही त्यामागची कल्पना, आणि ती चांगलीच आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे कुलूप बहुधा आपोआप लागतं, आपल्याला कळतही नाही. एरवी ते स्वतःच उघडतं. पण अपडेटनंतर काही बिनसलं तर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं, आणि ती नसेल तर आतले फोटो कंपनीलाही काढून देता येत नाहीत.

ती किल्ली असते कुठे? ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात. आता आपल्या घरांतलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. लॅपटॉप घेतला मुलाने. सुरू करून दिला मुलाने, स्वतःच्या खात्यातून. मग तो गेला पुण्याला नाहीतर न्यू जर्सीला. किल्ली त्याच्या खात्यात, लॅपटॉप आईच्या टेबलावर, आणि आईला ‘बिटलॉकर’ हा शब्दही ठाऊक नाही. पुढच्या फोनवर हवापाण्याचं बोलून झालं की त्याला सांगा, ‘अरे, तेवढी रिकव्हरी की काढून दे रे बाबा.’ ती कागदावर उतरवून घ्या आणि बँकेच्या कागदांसोबत ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवू नका. कुलूपबंद कपाटात कपाटाचीच किल्ली ठेवल्यासारखं होईल.

ज्ञात अडचणींचं पान

एवढं सगळं बिघडतं, तर ते आधी कळायचं कसं? याचं उत्तर आहे, आणि ते अगदी उघड्यावर ठेवलेलं असूनही फार थोडे लोक वाचतात. प्रत्येक मासिक दुरुस्तीला केबीने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘अपडेट हिस्टरी’मध्ये दिसतो. त्या क्रमांकाचं पान मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर असतं आणि त्या पानाच्या खालच्या भागात ‘नोन इश्यूज’ म्हणजे ज्ञात अडचणी लिहिलेल्या असतात. कंपनी स्वतःच्या चुका तिथे स्वतःच्या सहीने कबूल करते. लक्षण काय, कोणत्या आवृत्तीला, तात्पुरता उपाय काय आणि सध्याची स्थिती काय, असा तो मजकूर असतो. स्थितीचे मोजके शब्द ओळखले की पुरतं: ‘इन्व्हेस्टिगेटिंग’ म्हणजे तपास चालू आहे, ‘कन्फर्म्ड’ म्हणजे चूक मान्य, ‘मिटिगेटेड’ म्हणजे तात्पुरता उपाय उपलब्ध, ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे सुटली.

वाचताना एकच प्रश्न विचारायचा: यातलं माझं काही आहे का? बहुतेक नोंदी मोठ्या कार्यालयांच्या सर्व्हरांबद्दल असतात, त्या सोडून द्यायच्या. आपला प्रिंटर, आपला लॅपटॉप, आपली आवृत्ती यांचा उल्लेख असला तरच थबकायचं. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलीला पाच मिनिटं बसवा, तिला यात काही अवघड वाटणार नाही.

थांबायचं असेल तर त्याचीही रीतसर सोय आहे. ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘पॉज’ असतं. एक आठवडा निवडला की पुरे. बुधवार-गुरुवारी जगभरच्या तक्रारी सुरू होतात आणि मोठा घोळ असेल तर आठवड्याभरात तो पानावर येतो. पाच आठवड्यांपर्यंतची मुदतही तिथे दिसते. ती मी कुणाला सुचवणार नाही, एकोणसाठातले पस्तीस त्यातच गेले. त्याच पानावर ‘नवी अपडेट तयार होताच मला द्या’ अशा अर्थाचा एक खटका आहे. तो बंदच असू द्यावा, त्याने महिनाअखेरीची चाचणीवजा अपडेटसुद्धा आपल्याकडे आधी येतात. आणि घेतलेली मासिक दुरुस्ती बाधलीच, तर ‘अपडेट हिस्टरी’मधल्या ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून ती बहुधा काढताही येते. नवी आवृत्ती नकोशी झाली तर मागे फिरायला दहा दिवस मिळतात.

विंडोज १० वाल्यांसाठी

वरचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे अपडेट येतात. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संगणक चालतोच आहे, म्हणून पुष्कळांना ते कळलेलंच नाही. वर दिशाभूल अशी होते, की ‘अपडेट आलं’ हा संदेश अधूनमधून दिसत राहतो. तो बहुधा डिफेंडर या विषाणूविरोधी सोयीच्या याद्यांचा असतो. त्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं कंपनीने सांगितलं आहे. पण याद्या म्हणजे चोरांचे फोटो लावलेला फलक. भिंतीतली फट बुजवणारा गवंडी आता येत नाही.

तो आणखी एक वर्ष यावा अशी सोय आहे. तिला ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ म्हणतात आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तोही महिन्याचा दुसरा मंगळवारच. आपल्याकडच्या घरगुती ग्राहकाला संगणकाच्या सेटिंगची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायची तयारी असेल तर ती फुकट मिळते, नाहीतर तीस डॉलरच्या आसपास पैसे भरावे लागतात. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२ एच २, हवी. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर ‘एनरोल नाऊ’ असा दुवा दिसतो. आपला क्रमांक तिथे लागला आहे की नाही हे आज संध्याकाळी बघून घ्या.

विंडोज ११ वर जाणं फुकट आहे, पण संगणक त्याच्या अटीत बसला तर. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो; इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. धडधाकट चालणारी यंत्रं यामुळे भंगारात जाणार, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. ज्यांचं काम ब्राउझर, पत्र टंकणं आणि फोटो एवढंच आहे, त्यांनी जुन्या संगणकावर लिनक्स मिंट घालून बघायला हरकत नाही. ते फुकट आहे, दुरुस्त्या नियमित येतात, मराठी नीट दिसते. टॅलीवर हिशेब करणाऱ्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये, टॅली विंडोजवरच चालते.

राहिले आपले छापखाने आणि संस्थांची कार्यालयं. कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर एक्सपी किंवा विंडोज ७ असतं, कारण पेजमेकर आणि जुन्या मराठी फाँटांचं पॅकेज त्यावरच चालतं. वीस वर्षांचे अंक, पत्रिका, सभासदांच्या याद्या त्या फाँटांत अडकलेल्या असतात. तो संगणक फेकून द्या असं कुणी सांगितलं तरी ते होणार नाही, आणि होऊ नये. पण त्याची इंटरनेटची वायर काढता येते. शेजारच्या संगणकाशी असलेली जाळ्याची जोडणीही काढावी. वॉनाक्राय नेमका तिथूनच फिरला होता. पेनड्राइव्हने फाइली नेताना पेनड्राइव्ह आधी नव्या संगणकावर तपासून घ्यावा. आणि जमेल तसा, दर आठवड्याला एक-दोन अंक या गतीने का होईना, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला घ्यावा. रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. जोडाक्षरं आणि रफार तेवढे तपासावे लागतात, तिथे ती साधनं हमखास चुकतात.